खोडू नये, फेर घ्यावा

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सोनपेठच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दोन सख्खे भाऊ आले. दोघांच्या हातात एकेक कागद होता. दोन्ही कागद माझ्याच संग्रहातून छापलेले. शेत एक, साल एक, खाली आजोबांचे नावही एकच. पण थोरल्याच्या कागदावर क्षेत्र होते १ हेक्टर १ आर आणि धाकट्याच्या कागदावर ८९ आर. थोरला म्हणाला, "भाऊ, यातलं खरं कोणतं तेवढं सांगा. चार दिवस झाले, घरात बोलणं बंद आहे."

मी दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. सगळ्या कागदांच्या तळाशी मी आवृत्तीचा क्रमांक छापतो, म्हणजे कोणता कागद जुना आणि कोणता नवा हे कळते. दोन्हींवर एकच क्रमांक होता : आवृत्ती ७. म्हणजे माझ्याच नोंदवहीच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही कागद सारखेच ताजे होते आणि सारखेच खरे होते. फरक बारा आरांचा, म्हणजे जवळजवळ बारा गुंठ्यांचा होता. बारा गुंठ्यांवरून आमच्याकडे काय काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

चूक कागदांची नव्हती, माझी होती. ती कशी झाली आणि कशी निस्तरली, हे लिहून ठेवावेसे वाटते, कारण तशी चूक करणारा मी एकटाच नाही. जुन्या नोंदी संगणकावर आणण्याचे काम आता गावोगावची हौशी माणसे करू लागली आहेत. शाळांचे दाखले, देवस्थानांच्या वह्या, वंशावळी, ओव्या, सगळेच येते आहे. त्या सगळ्यांच्या वाटेत हा खड्डा आहे.

आधी संग्रहाविषयी थोडे. दुकानात लोक जुने कागद घेऊन येत, प्रती काढून जात. शेताचे नाव, क्षेत्र, साल मी मालकाला विचारून वहीत उतरवू लागलो. मला मुळात शेतांच्या नावांची गोडी. गोदाकाठची थडीची शेते, बरड, चिंचमळा, इनामाची वाटणी, ही नावे घरच्या कागदांत राहतात. उर्दू अक्षरे एका निवृत्त शिक्षकांकडून शिकलो. एमएस-सीआयटी केली. वह्या भरत गेल्या तेव्हा नोंदी एक्सेलमध्ये टाकल्या आणि पुढे पुतण्याच्या नादाने व यूट्यूबवर बघून बघून एक लहानसा डेटाबेस उभा केला. त्याची एक प्रत माझ्या दुकानात आणि दुसरी गंगाखेडला राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे. तेही नोंदी भरतात. धाकट्या भावाने कागद आणला होता तो त्यांच्याकडून. या कागदांना कायद्याने काही किंमत नाही, हे आम्ही त्यावर ठळक छापतो. पण घरातली भांडणे कायदा बघून सुरू होत नाहीत.

आता डेटाबेस म्हणजे काय ते सांगतो. ओळी आणि रकाने असलेले तक्ते, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी असलेला ठरावीक संबंध. माहिती अशी तक्त्यांत मांडावी ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने आयबीएम कंपनीत असताना १९७० साली मांडली आणि आज बँकेपासून रेशन दुकानापर्यंत तीच चालते. कोणते तक्ते असावेत, त्यांत कोणते रकाने असावेत, रकान्यात आकडा बसेल की मजकूर, हे ठरवणे म्हणजे माहितीचा आराखडा. इंग्रजी शब्द 'डेटा मॉडेल'. तलाठ्याच्या भाषेत सांगायचे तर आराखडा म्हणजे नमुना. नमुना सात, नमुना बारा, नमुना आठ-अ असे म्हणतो तो नमुना.

आराखडा एकदा ठरला की संपले, असे होत नाही. माहिती भरू लागल्यावर कळते की रकाना कमी पडतो, किंवा एका रकान्यात दोन गोष्टी कोंबल्या आहेत. मग नमुना बदलावा लागतो. पण तोवर जुन्या नमुन्यात शेकडो ओळी भरलेल्या असतात. त्या नव्या नमुन्यात कशा न्यायच्या, याची लेखी कृती म्हणजे मायग्रेशन. मी तिला 'पायरी' म्हणतो. पायऱ्यांना क्रमांक असतात. पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी. रिकाम्या संगणकावर सगळ्या पायऱ्या क्रमाने चालवल्या की आजचा डेटाबेस तयार होतो. मी वापरतो त्या जँगो नावाच्या साधनात ही सोय २०१४ पासून अंगभूत आहे. त्याआधी अँड्र्यू गॉडविन या प्रोग्रॅमरने केलेले 'साउथ' नावाचे वेगळे जोडसाधन लोक त्यासाठी वापरत.

कोणती पायरी चालवून झाली हे संगणक एका वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवतो. त्यात पायरीचे नाव असते आणि ती चालल्याची तारीख-वेळ असते. पायरीच्या आत काय लिहिले होते, हे तिथे नसते. माझी चूक नेमकी या जागी झाली.

पण त्याआधी एक चूक मी अगदी सुखाने दुरुस्त केली होती. ती आधी सांगतो, म्हणजे फरक कळेल.

तिसऱ्या पायरीत मी सालाचा रकाना केला. निजामी अमलातल्या कागदांवर फसली साल असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळते, असे साधे गणित मी पायरीत लिहिले. हैदराबाद संस्थानचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७. पायरी माझ्या संगणकावर चालवली. संध्याकाळी लक्षात आले की हैदराबादचे फसली साल ऑक्टोबरात सुरू होते. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. १७ सप्टेंबर १९४८, मराठवाडा मुक्तीचा दिवस, याच सालात येतो, पण माझ्या रकान्यात तो १९४७ मध्ये जाऊन बसला असता. म्हणून आराखडा बदलला. कागदावरचे फसली साल जसेच्या तसे एका रकान्यात, आणि सुरुवातीचे व शेवटचे इसवी साल दोन वेगळ्या रकान्यांत.

हे करताना मी तिसरी पायरी उलट चालवली, म्हणजे डेटाबेस दुसऱ्या पायरीवर परत नेला. मग तिसऱ्या पायरीचा मजकूर बदलला आणि ती पुन्हा चालवली. काही बिघडले नाही. ती पायरी माझ्या संगणकाबाहेर गेलेली नव्हती. गुरुजींना माझी पहिली चूक कधी कळलीही नाही. आणि मला सवय लागली, की चूक दिसली तर पायरीच दुरुस्त करायची.

सातवी पायरी क्षेत्राची. जुन्या कागदांवर एकर-गुंठे. कुठे २-२० असे लिहिलेले, कुठे २.२०. एक्सेलमध्ये २-२० लिहिले तर ते त्याची तारीख करून टाकते, म्हणून मी सगळीकडे मध्ये टिंब दिले. सातव्या पायरीत मी एकरांचे हेक्टर केले आणि एकरांचा रकाना काढून टाकला. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर. २.२० ला त्याने गुणले, उत्तर आले ०.८९. ते रकान्यात बसले.

चूक वाचकांच्या लक्षात आली असेल. २.२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून हे झाले अडीच एकर, म्हणजे १.०१ हेक्टर. संगणकाने टिंबापुढचे वीस गुंठे नाहीत, शंभरातले वीस धरले. अशा शेतांतून गुंठे कमी होत गेले. या शेतातून बारा गेले.

पंधरा दिवसांनी एक बेरीज जुळेना तेव्हा हे मला दिसले. तोवर गुरुजींच्या संगणकावर सातवी पायरी चालून झाली होती. मी काय केले? सवयीप्रमाणे सातव्या पायरीचाच मजकूर दुरुस्त केला. एकरांचा रकाना काढलेला असल्याने पायरी उलट चालवता येत नव्हती, म्हणून माझ्याकडचा डेटाबेस पुसून एक्सेलवरून पहिल्या पायरीपासून परत उभा केला. माझ्याकडे १.०१ आले. पेनड्राइव्हवर दुरुस्त पायरी गुरुजींना दिली. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आज्ञा दिली. त्यांच्या संगणकाने आपला तक्ता पाहिला, तिथे 'सातवी पायरी, चालली' असे होते. त्याने ती सोडून दिली आणि सगळे ठीक आहे असे कळवले. त्यांच्याकडे ०.८९ च राहिले. दोन्हीकडे आवृत्ती सात. सगळी साधने इतकी भोळी नसतात. फ्लायवे नावाचे एक साधन प्रत्येक पायरीच्या मजकुराचा ठसा जपून ठेवते, आणि चाललेल्या पायरीचा मजकूर नंतर बदललेला दिसला तर पुढे जायला नकार देते. माझ्या साधनात तो पहारा नव्हता.

पोळ्याच्या रात्री पुण्याला पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, दुसऱ्याकडं चाललेलं मायग्रेशन कधी बदलायचं नसतं. त्यापुढं नवं लिहायचं." दुसऱ्या दिवशी दुकानात बसलेल्या एका निवृत्त तलाठ्यांना मी हे सगळे सांगितले. संगणकाशी त्यांचा फारसा संबंध नाही. ते म्हणाले, "म्हणजे मंजूर फेरात खाडाखोड केली की तुम्ही. आमच्यात यावर चौकशी लागते."

त्या एका वाक्याने मला पुतण्याच्या बोलण्याचा अर्थ पटला. फेरफाराची पद्धत आपल्याकडे मुरलेली आहे, म्हणून ती जरा उलगडून पाहू. खरेदी, वारसा, वाटणी, काहीही झाले की तलाठी आधी नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत क्रमांक देऊन नोंद लिहितो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चे कलम १५० त्यासाठी आहे. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर ती तक्रारीच्या वेगळ्या नोंदवहीत जाते. मग मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतात आणि त्यानंतर सातबाऱ्यावर अंमल होतो. सातबारा म्हणजे आजवरच्या सगळ्या फेरांची गोळाबेरीज. डेटाबेस जसा सगळ्या पायऱ्यांची गोळाबेरीज असतो, तसाच.

फेर प्रमाणित होण्याआधी चूक सापडली तर ती तिथेच निस्तरता येते. प्रमाणित होऊन अंमल झाल्यावर मात्र तोच फेर पुसून नवा लिहिता येत नाही. लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खाली आदेश घ्यावा लागतो. हक्काचाच वाद असेल तर अपील. निकाल काहीही लागो, त्याचा अंमल नव्या क्रमांकाच्या नव्या फेराने होतो. चुकीचा फेर चुकीसकट जागेवर राहतो. हस्तलिखित सातबाऱ्यावर नाव कमी करताना नावाला कंस करत, पुसत नसत. कंसातले नाव आणि शेजारचा फेराचा क्रमांक वाचून पुढच्या माणसाला कळे की इथे कोण होते आणि कोणत्या फेराने गेले. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा मयत खातेदार आणि फेडलेले बोजे यांच्यावर कंसाऐवजी आडवी रेघ आली. पण रेघेखालचे नाव आजही वाचता येते.

आपल्याकडच्या एखाद्या शेताचे सगळे कागद क्रमाने लावले तर नमुना किती वेळा बदलला ते दिसते. निजामी अमलातले उर्दू कागद, १९५४-५५ चे खासरा पत्रक, त्यानंतरची पाहणी पत्रके. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे १९६६ च्या अधिनियमाखाली आजचा सातबारा आला. गटवारीत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. कुठे दोन सर्व्हेंचा एक गट, कुठे एकाचे तीन गट. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. मग हस्तलिखिताचे संगणकीकृत झाले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. प्रत्येक वेळी जुना नमुना नव्यात ओतला गेला आणि प्रत्येक वेळी काही तरी सांडले. ते सांडलेले शोधायला माणसे कुठे जातात? आधीच्या कागदाकडे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले तेव्हा मराठवाड्यातली जुनी दप्तरे उघडली गेली आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. नवा नमुना आला म्हणून जुनी दप्तरे कोणी फेकली नव्हती, म्हणून ती उघडता तरी आली.

आता माझ्या दुरुस्तीकडे येतो. तिची कृती सांगतो, कारण ती इतरांच्या कामी येईल.

पहिले काम जरा विचित्र वाटेल. मी सातव्या पायरीचा मूळ, चुकीचा मजकूर जसाच्या तसा परत ठेवला. गुरुजींच्या संगणकावर तोच चालला होता, आणि पायरीने आपल्या हातून काय झाले ते खरे सांगितले पाहिजे.

दुसरे काम नवी पायरी लिहिण्याचे. तोवर अकरा झाल्या होत्या, म्हणून ही बारावी. इथे एक पेच होता. गुरुजींकडचे क्षेत्र चुकीचे होते, माझ्याकडचे दुरुस्त झालेले. 'कमी पडलेले गुंठे मिळवा' अशी पायरी लिहिली असती तर त्यांच्याकडे बरोबर आले असते आणि माझ्याकडे जास्त झाले असते. म्हणून पायरी अशी हवी की ती रकान्यात आज काय आहे हे बघणारच नाही, मूळ कागदावरून भरेल आणि दोन्ही संगणकांना एकाच जागी आणील. बिघडलेल्या आकड्यावर दुरुस्तीचे गणित करत बसण्यापेक्षा उगमाकडे जाणे बरे.

उगम म्हणजे एक्सेल, असे मला वाटत होते. तिथे दुसरा धक्का बसला. एक्सेलच्या आकड्याच्या रकान्यात २.२० लिहिले की ते शेवटचे शून्य टाकून २.२ करते. काही कागदांवर दोन एकर दोन गुंठे हेही मी २.२ असेच लिहिले होते. आता दोन्ही नोंदी हुबेहूब सारख्या. पुढचा अंक चार ते नऊ असेल तर चूक पकडता येते, कारण २.५ चे पन्नास गुंठे होतील आणि चाळीस गुंठ्यांचा तर एकरच होतो. एक, दोन आणि तीन मात्र निसटतात. दहा की एक, वीस की दोन, तीस की तीन, हे आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणजे माझा 'दुरुस्त' संग्रहसुद्धा सगळा दुरुस्त नव्हता. पायरी उलटवणे शक्य नाही ते अशा ठिकाणी. जी माहिती रकान्यात बसलीच नाही, ती कोणतीही आज्ञा परत आणत नाही.

दुकान झेरॉक्सचे असल्याचा इथे उपयोग झाला. कागदांची छायाचित्रे जपलेली होती. दोन आठवडे रात्री बसून सगळी क्षेत्रे मूळ कागदावरून पुन्हा उतरवली. बाराव्या पायरीने तीन गोष्टी केल्या. 'मूळ नोंद' नावाचा रकाना आला, त्यात कागदावर जे आणि जसे लिहिले आहे ते मजकूर म्हणून राहते, आकडा म्हणून नाही. एकर आणि गुंठे यांचे दोन वेगळे रकाने झाले, आणि गुंठ्यांच्या रकान्यात शून्य ते एकोणचाळीसच बसते. हेक्टर आता साठवले जात नाहीत, छापताना काढले जातात.

मग गुरुजी आणि मी फोनवर बसलो. त्यांनी त्यांच्या पडद्यावरचे क्षेत्र वाचायचे, मी माझ्या पडद्यावर आणि छायाचित्रावर बघायचे. २०१७ साली संगणकीकृत सातबारे तपासायला सरकारने गावोगाव चावडी वाचन केले होते. आमचे हे चावडी वाचन सात रात्री चालले.

या सगळ्यातून मी स्वतःसाठी जो नियम केला तो असा. पायरी फक्त माझ्या संगणकावर चालली असेल, ती उलटवता येत असेल आणि तिच्यावरून अजून कोणाला कागद दिलेला नसेल, तर ती उलटवावी, बदलावी, पुन्हा चालवावी. पुढच्या वाचणाऱ्याला माझ्या प्रत्येक अडखळण्याचा हिशेब देण्याची गरज नाही. पण ती एकदा दुसऱ्याकडे पोचली की ती माझी राहत नाही. मग चूक कितीही लाजिरवाणी असो, ती जागेवर ठेवून पुढची पायरी लिहायची. आणि मूळ नोंदीचा रकाना आराखडा कितीही बदलला तरी काढायचा नाही.

लाजेचा भाग मुद्दाम लिहिला. सातवी पायरी मी दुरुस्त केली त्यामागे सोय होती, तशी आपली चूक कोणाला दिसू नये ही इच्छाही होती. अभ्यासाची पदवी नसलेल्या माणसाला ती जरा जास्तच असते. पण चूक झाकली म्हणूनच दोन भावांच्या हाती दोन कागद पडले. ती उघड नव्या क्रमांकाने दुरुस्त केली असती तर एकावर सात आणि दुसऱ्यावर आठ असे दिसले असते, आणि थोरल्याने स्वतःच सांगितले असते की आठवा बघा.

दसऱ्याच्या आधी दोघा भावांना बोलावून घेतले. दोघांना एकसारखा कागद दिला. मूळ नोंद : २-२०. दोन एकर वीस गुंठे. १ हेक्टर १ आर. आवृत्ती १२. खाली एक ओळ छापली होती, की आवृत्ती ७ च्या काही कागदांवर ८९ आर असे चुकीचे क्षेत्र गेले आहे आणि ती चूक संग्राहकाची आहे. थोरल्याने ती ओळ मोठ्याने वाचली. धाकट्याने आपला जुना कागद खिशातून काढला आणि विचारले, "मग हा फाडू का?" मी म्हणालो, फाडू नका. त्यावर आडवी रेघ मारली, शेजारी 'आवृत्ती १२ पाहा' असे लिहून सही केली आणि परत दिला. त्याने दोन्ही कागदांची एकत्र घडी घातली आणि दोघे एकाच गाडीवर बसून गेले.